मीठ बेताचं

बायको गेल्यावर चाळीस दिवसांनी मार्कस डिमेलोला कळलं, की आपल्या घरात चार तवे आहेत. त्यातला अंड्याचा कुठला, भाकरीचा कुठला आणि कुठल्याला हात लावलेला क्लाराला खपत नसे, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. रविवारी सकाळी साडेपाच वाजता त्याने चारही तवे ओट्यावर मांडले, चष्मा लावून एकेक उलटसुलट पाहिला, आणि अडतीस वर्षांच्या संसारात आपण नक्की बघत काय होतो, या विचाराने तो स्टुलावर बसून राहिला.

पण बसून चालण्यासारखं नव्हतं. नऊ वाजता त्याची मुलगी किम्बर्ली मुलुंडहून येणार होती आणि आल्यावर ती सँडविच खाणार होती. साधंसुधं नव्हे. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटपून घरी आलं की क्लारा करायची ते. पाव मधोमध चिरून लोण्यावर शेकलेला, आत कडा कुरकुरीत झालेलं अंडं, तळलेलं तिखट सॉसेज, त्यावर गूळ घालून मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा, आणि वरच्या पावाला आतून लावलेला पेरूचा जॅम. गोड आणि तिखट एकाच घासात. एक खाल्लं की दुपारी दोनपर्यंत माणूस जेवणाचं नाव काढत नसे. मार्कसने आयुष्यात अशी दीड-दोन हजार सँडविच खाल्ली होती. केलं एकही नव्हतं.

हे झंझट त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. मागच्या रविवारी किम म्हणाली, "पप्पा, आता बस झालं. माझ्याकडे चल. हे घर भाड्याने देऊन टाकू."

"का? मला काय झालंय? राहीन की मी."

"आणि खाशील काय?"

"करीन काहीतरी."

"तू? तुला घरात साखर कुठे ठेवतात ते तरी माहितीये का?"

"रविवारचं सँडविचसुद्धा करीन!" मार्कस म्हणाला. चिडलेला माणूस तोंडाला येईल ते बोलून जातो, आणि रविवारी सकाळी मार्कसच्या तोंडात दुसरं येणार तरी काय?

किम म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या रविवारी मला करून घाल. खाण्यासारखं झालं तर राहा इथे. नाही झालं, तर त्याच दिवशी माझ्याबरोबर मुलुंडला. मंजूर?"

"मंजूर," मार्कस म्हणाला, आणि किम गेल्यावर त्याला दरदरून घाम फुटला.

मालाडला मार्वे रोडपासून आत, गावठाणात, मार्कसचं तीन खोल्यांचं घर होतं. त्याच्या आजोबांनी बांधलेलं, बापाने कौलं बदललेलं आणि त्याने स्वतः फक्त रंग काढलेलं. मुलुंडला किमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर होता. मागे एकदा तो आणि क्लारा तिथे दोन दिवस राहायला गेले होते. दोन दिवसांत मार्कसशी लिफ्टमधला एक माणूस बोलला होता, आणि तोही "कितवा मजला?" एवढंच. तिथे गेलो तर आपण मरू, असं त्याला मनापासून वाटत होतं. इथे राहिलो तरी मरूच, पण निदान चार माणसांना कळेल तरी.

मार्कसने कांदिवलीच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं होतं. कुठलीही चाचणी घ्यायची तर आधी वरच्या साहेबाची सही लागते, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. म्हणून गुरुवारी तो चर्चच्या ऑफिसात गेला आणि रविवारच्या साडेसहाच्या मिस्सेसाठी क्लाराचं नाव देऊन आला. परीक्षेच्या दिवशी क्लाराचं वरून लक्ष असावं आणि देवालाही आगाऊ कल्पना असावी, इतकाच त्याचा हेतू होता. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. किमला तर नाहीच.

साडेसहाला तो नेहमीच्या बाकावर जाऊन बसला. फादर मेलरॉय या चर्चमध्ये नवे होते. वय कोवळं, आवाज खणखणीत. त्यांनी वाचलं, "आजची मिस्सा मार्कस डिमेलो यांच्या पत्नी क्लारा यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी." पुढच्या चार बाकांवरची डोकी मागे वळली. मार्कसला बरं वाटलं. मिस्सा संपल्यावर बाहेर एकेकाने त्याचा हात हातात घेतला.

"येतो रे मार्कस."

"ये ना. कधीही ये," मार्कस म्हणत राहिला. लोकांना आपल्याबद्दल इतकं वाटतं, हे त्याला माहीत नव्हतं.

घराच्या वळणावर त्याने सहज मागे पाहिलं आणि तो जागीच थांबला. मागून तीसेक माणसं येत होती. बायका काळ्या कपड्यांत, पुरुष पांढऱ्या शर्टांत, आणि सगळ्यांच्या चालण्यात सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसांची लगबग होती.

त्यांच्या गावठाणात रीत होती. मिस्सा ज्याने दिली, त्या सकाळचा नाश्ता त्याच्या घरी. ही रीत कुणी कुणाला सांगत नसे, कारण ती सगळ्यांनाच माहीत असे. मार्कसच्या घरी अशा मिस्सा किती झाल्या असतील! त्याच्या आईची, बापाची, क्लाराच्या भावाची. प्रत्येक वेळी तो घरी यायचा तेव्हा टेबलावर तीस बशा मांडलेल्या असायच्या. त्या आपोआप येतात, अशीच त्याची समजूत होती. त्याचं काम फक्त खुर्च्या आणायचं.

सगळ्यांत आधी पोचली ती शेजारची जॅकलिन. साठीची, रुंद, आणि गावठाणातलं लग्न असो की मयत, पळी हातात घेऊन उभी राहणारी. ती थेट स्वयंपाकघरात गेली, चार तवे बघून बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मार्कस, किती जणांचं केलंयस रे?"

"एकाचं."

"एकाचं?"

"किमचं. ती नऊला येणार आहे."

"अरे, तीस माणसं दारात आहेत आणि तू एक सँडविच केलंयस?"

"केलं पण नाही अजून," मार्कस म्हणाला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. किमची अट, मुलुंड, चौदावा मजला. जॅकलिनने दोन्ही हात डोक्याला लावले. "वाट लागली," ती म्हणाली. पण ती घाबरणाऱ्यांतली बाई नव्हती.

तेवढ्यात दारात सायकलचा भोंगा वाजला. सहदेव पाववाला रोज मार्कसला चार पाव द्यायचा. आज त्याने मागची अख्खी टोपली उतरवून ओट्यावर ठेवली.

"एवढे कशाला?" मार्कसने विचारलं.

"मिस्सा आहे ना तुमच्याकडे? माझ्या कानावर आलं शुक्रवारीच," सहदेव म्हणाला. ज्याचा चर्चशी संबंध फक्त पावापुरता, त्यालाही माहीत होतं. मार्कसला फारच एकटं वाटलं.

मग जॅकलिनने सूत्रं हातात घेतली. तिच्या घरून चहाचं मोठं पातेलं आलं, कुणाच्या तरी घरून बशा आल्या. पण पावात घालायला घरात जे होतं तेच होतं, आणि घरात होतं ते मार्कसने आठवडाभर विचार करून परीक्षेसाठी आणलेलं सामान. बारा अंडी होती. सहा करपतील आणि चार फुटतील असा त्याचा हिशोब होता. त्या बारांची भुर्जी झाली. सॉसेजची दोन पाकिटं होती, त्यांचे गोल गोल काप करून तीस बशांत विभागले गेले. लोण्याची वडी तर दिसेनाशीच झाली. मार्कस खुर्च्या आणत राहिला. ते त्याला येत होतं.

शेवटची खुर्ची घेऊन तो आत आला तेव्हा त्याचा चुलतभाऊ कार्ल कपाटासमोर उभा होता. कार्ल सत्तरीचा, चर्चमधल्या गाण्यात सगळ्यांत खालचा सूर लावणारा. त्याच्या हातात एक बरणी होती.

"क्लाराच्या हातचा जॅम!" कार्ल गरजला. "अरे, क्लाराच्या हातचा पेरूचा जॅम आहे!"

ती शेवटची बरणी होती. थंडीत क्लाराने पाच बरण्या केल्या, त्यानंतर तिला बरं नाहीसं झालं, आणि मग हॉस्पिटल. चार बरण्या वाटून झाल्या होत्या. ही मार्कसने कपाटात मागे लपवून ठेवली होती. दर रविवारी तो त्यातला बोटावर मावेल एवढाच चाखायचा. या हिशोबाने ती दोन वर्षं पुरली असती, आणि दोन वर्षांनंतर काय, याचा विचार तो करत नव्हता.

"कार्ल," तो म्हणाला. तिच्याच नावाच्या मिस्सेला आलेल्या माणसांना तिच्याच हातचा जॅम देऊ नका, असं कसं म्हणणार? बरणी बाहेर गेली. चमचा या पावावरून त्या पावावर फिरू लागला.

"क्लारासारखा हात नाही गो कुणाचा."

"रंग बघ! माझा नेहमी काळा पडतो."

"देवाघरी पण ही जॅमच करत असणार."

बायका खात होत्या आणि डोळे पुसत होत्या. कार्लने तीन पाव खाल्ले आणि तिन्ही वेळा त्याला हुंदका आला. मार्कस दारात उभा राहून बरणीतली पातळी खाली जाताना बघत होता. अखेर त्याने पुढे होऊन बरणी उचलली. कडेकडेचा खरवडला तर चमचाभर निघाला असता. ती बरणी छातीशी धरून तो आत गेला आणि पाठ करून उभा राहिला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं.

जॅकलिन मागोमाग आली. तिने ते पाहिलं. ती बाहेर गेली आणि अंगणात तिने सगळ्यांना सांगून टाकलं. किम येणार आहे, सँडविच खाणार आहे, आणि ते जमलं नाही तर मार्कस मुलुंडला जाणार आहे, कायमचा. तीस माणसांनी आपापल्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. एका माणसाचं घर आपण भुर्जी करून खाल्लं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"अरे, मग आधी बोलायचं ना!" कार्ल म्हणाला.

समोरच्या बिल्डिंगमधले नंदकुमार, महापालिकेतून रिटायर झालेले आणि मार्कसबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जाणारे, चहापुरते आले होते. ते काही न बोलता घरी गेले आणि वाटीत दोन अंडी घेऊन आले. "आमच्या हिने, मधुवंतीने, उद्याच्या केकसाठी ठेवली होती," ते म्हणाले. "तिला कळायच्या आत वाटी परत पाहिजे." फादर मेलरॉय बोलण्याच्या नादात खायचे राहिले होते. त्यांनी आपल्या बशीतले सॉसेजचे सहा काप गोळा करून परत दिले. कुणीतरी लोणी आणलं. पाव उरलेच होते.

"आता ऐका," जॅकलिन म्हणाली. "जे करायचं ते मार्कसने करायचं. कुणी त्याला हात लावायचा नाही. उद्या किमने विचारलं, तर आपल्याला खरं सांगता आलं पाहिजे. काय फादर?"

"बरोबर आहे," फादर म्हणाले. "खोटेपणा नको."

सव्वाआठला मार्कसने चारांतला एक तवा डोळे मिटून उचलला आणि गॅस लावला. कांदा त्याने पहाटेच कापून ठेवला होता, प्रत्येक काप सारख्या जाडीचा. कारखान्यात असता तर पास झाला असता. तव्यावर लोणी, त्यावर कांदा. मग त्याने मिठाचा डबा काढला, अर्धा चमचा भरला, वरचं सुरीच्या पात्याने सपाट करून घेतलं आणि टाकलं. आता गूळ किसायचा होता. किसणी मागच्या पडवीत होती. गॅस बारीक करून तो पडवीत गेला.

तेवढ्यात जॅकलिन ग्लास न्यायला म्हणून आत आली. तिने तव्यात डोकावून पाहिलं. कांदा पांढराफटक दिसत होता. याला मिठाची आठवण कुठून असणार, असं तिच्या मनात आलं. तिने दाराकडे पाहिलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि ग्लास घेऊन गेली. जॅकलिनची चिमूट दोन बोटांची नसते, पाचांची असते.

ती बाहेर जाते न जाते तोच कार्ल हात धुवायला आला. जॅमचं पाप त्याला आतून खात होतं. बिचाऱ्या मार्कससाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, या भावनेने त्याने तव्याकडे पाहिलं, डबा उघडाच होता तो पाहिला, आणि मन हलकं होईपर्यंत मीठ घातलं.

नंदकुमार वाटी न्यायला आले. त्यांच्या घरी कांदा टाकला की आधी मीठ, म्हणजे तो लवकर शिजतो. इतकी साधी गोष्ट मार्कसला कुणी सांगितली नसेल, असं वाटून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी वाटी घेतली आणि अर्धा चमचा मीठ देऊन गेले.

फादर मेलरॉय खरं तर फक्त बघायला आले होते. पण तव्यासमोर उभं राहिल्यावर त्यांना वसईची आपली आई आठवली, आई गेल्यावर कुकर लावायला शिकलेले वडील आठवले, पहिल्या दिवशी बापलेकांनी खाल्लेली आळणी डाळ आठवली. त्यांनी मागे वळून पाहिलं, घाईघाईने मीठ टाकलं आणि वर क्रुसाची खूण केली.

मार्कस किसलेला गूळ घेऊन आला. कांद्याला पाणी बरंच सुटलं होतं, पण कांद्याला पाणी सुटतं की नाही हेच त्याला माहीत नव्हतं. त्याने गूळ घातला आणि ढवळत बसला. हळूहळू तो वास आला. पहिल्यांदा गोड, मग जरा करपट, मग दोन्ही मिळून. चाळीस दिवसांत या घरात न आलेला वास. क्लारा कधी चव घेऊन बघत नसे, वासावरून सांगायची. मार्कसने तव्यावर वाकून डोळे मिटून वास घेतला. वास बरोबर होता. त्याने गॅस बंद केला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी किमची रिक्षा वळणावर थांबली. तिने पैसे द्यायला पर्स उघडली आणि तिचं लक्ष घराकडे गेलं. दारात माणसं. काळ्या कपड्यातल्या बायका. खुर्च्या मांडलेल्या. फादर. आणि कार्ल अंकल रुमालाने डोळे पुसत उभे. किमची पर्स हातातून पडली. ती धावत आली.

"अंकल, पप्पा... पप्पा कुठाय?"

"आत आहे गं," कार्ल जड आवाजात म्हणाला. "जा. तुझीच वाट बघतोय."

किम आत शिरली. मार्कस क्लाराचा फुलाफुलांचा एप्रन बांधून, उलथण्याने अंडं उचलायच्या तयारीत उभा होता. किमने त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग दुसरी मारली, आणि मग ती दंड धरून तशीच उभी राहिली.

"अगं, अंडं फुटेल ना! काय झालं?"

"काही नाही," किम म्हणाली. "भूक लागलीय. दे."

तिला बाहेर टेबलाशी बसवलं. मार्कसने दोन सँडविच केली होती, एक तिचं आणि एक आपलं, आणि बरणीतला चमचाभर जॅम दोघांत सारखा वाटला होता. तिचं त्याने बशीत घालून आणलं. पाव एका बाजूने काळा होता, पण अंडं अख्खं होतं. आपलं झाकून आत ठेवलं, कारण त्याला घास गिळणं शक्यच नव्हतं. तीस माणसं भिंतीला टेकून, दारात, खिडकीत उभी राहिली.

किमने मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबली.

तिने मान वर केली. समोर जॅकलिन आंटी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती आणि किंचित मान डोलावत होती, बघ, बरोबर पडलंय ना, अशी. तिच्या शेजारी कार्ल अंकल. त्यांच्या चेहऱ्यावर तेच. त्यांच्या मागे नंदकुमार काका, तसेच. दाराशी नवे फादर, हात जोडून, तसेच. आणि टेबलाच्या कडेला पप्पा, एप्रनचा कोपरा मुठीत धरून. त्याचा चेहरा मात्र निराळा होता. निकाल लागण्याआधी पोरांचा असतो तसा.

किमने घास गिळला. ग्लासभर पाणी प्यायली. दुसरा घास घेतला, आणि पुन्हा थांबली.

"हा मम्मीचा जॅम आहे?"

"शेवटचा होता," मार्कस म्हणाला. "राहिला नाही आता."

किमने डोळे मिटले. मग ती एक शब्द न बोलता खात गेली. मध्ये मध्ये पाणी पीत होती. जॅकलिन ग्लास भरत होती. चार ग्लास झाले. किमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांना वाटलं, आईच्या आठवणीने. ते खोटं नव्हतं, पण सगळंही नव्हतं. शेवटचा तुकडा तिने तोंडात टाकला, बशीतला कांद्याचा एक धागा राहिला होता तोही उचलला, आणि बशी पालथी करून दाखवली.

"मग?" मार्कसने विचारलं.

"पास," किम घोगऱ्या आवाजात म्हणाली. "राहा तू इथे."

बाहेर टाळ्या पडल्या. कार्लने मार्कसला मिठी मारली. जॅकलिन, नंदकुमार आणि फादर एकमेकांकडे न बघता समाधानाने हसले. हे आपल्यामुळे झालं आणि हे आपण मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं चौघांनीही आपापल्या मनाशी ठरवलं.

अकरा वाजता किम गेली. बारापर्यंत बशा धुऊन झाल्या, खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. एक वाजता मार्कस टेबलाशी एकटा बसला होता. आपण जिंकलो, हे त्याने स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं. घर तेच होतं, आपलंच होतं, आणि त्यात कसलाही आवाज नव्हता. उद्या सोमवार. परवा मंगळवार. राहायचं म्हणजे रोज राहायचं, हे आत्तापर्यंत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं आणि त्याला इतकं उदास वाटलं, की मुलुंडच्या लिफ्टमधला तो माणूससुद्धा त्याला आठवून गेला.

मग त्याला भूक लागली. झाकून ठेवलेलं सँडविच त्याने टेबलावर आणलं आणि एक घास घेतला.

पुढच्या क्षणी तो बेसिनशी होता. तोंडात मिठाचा डबा उपडा केल्यासारखं झालं होतं. त्याने चार वेळा चूळ भरली, परत येऊन त्या सँडविचकडे बराच वेळ पाहिलं, आणि फोन उचलला.

"किम, कुठे पोचलीस?"

"घरी. का?"

"खारट होतं."

पलीकडे ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

"किम, ते खारट होतं. कुत्र्याने पण खाल्लं नसतं. तू अख्खं कसं खाल्लंस?"

"पाण्याबरोबर," किम म्हणाली. "अजून पितेय."

"मग मी नापास झालो."

"पप्पा, तू मीठ किती घातलंस?"

"अर्धा चमचा. सपाट. मोजून."

"माहितीये मला. तू मोजल्याशिवाय घालणार नाहीस. एवढं खारट एकट्या माणसाच्या हातून होत नाही, पप्पा. एका घासात मला चार जणांची तोंडं दिसली. आमच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहतेय. माझ्या तव्यात मीठ घालायला अजून कुणी आलेलं नाही."

मार्कसला एकदम भरून आलं. "मी येतो तुझ्याकडे," तो म्हणाला. "तू म्हणत असशील तर आत्ता येतो."

"काही नको," किम म्हणाली. "मी अख्खं खाल्लंय. आता तू राहून दाखव."

तिने फोन ठेवला. शेजारून जॅकलिनने भिंतीवर थाप मारून विचारलं, "मार्कस, जेवलास का रे?"

"जेवतोय," त्याने ओरडून सांगितलं. मग पाण्याचा जग भरून आणला, एप्रनने डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला.